गोंगाट की संगीत?

लग्नसराईत शिरूरला किंवा दौंडला दोन वराती समोरासमोर आल्या की काय होतं, ते तुम्ही ऐकलंच असेल. इकडच्या बँडचं एक गाणं, तिकडच्याचं दुसरं, मध्येच हलगी. आजी कानांवर हात ठेवून म्हणते, "काय बाई हा गोंगाट!"

जर्मनीतल्या एका वाद्यवृंदाबद्दलही पुष्कळ जण असंच म्हणाले होते. त्याचं नाव ग्लोब युनिटी ऑर्केस्ट्रा. पियानोवादक अलेक्झांडर फॉन श्लिपेनबाख यांनी १९६६ साली तो उभा केला, आणि त्याच वर्षी बर्लिनच्या जॅझ महोत्सवात तो पहिल्यांदा वाजला. काही श्रोते खूश झाले, काही चांगलेच चिडले!

जॅझ हे मूळचं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत. त्यात एक धून ठरलेली असते. ती धरून प्रत्येक वादक आयत्या वेळी सुचेल तसं वाजवतो. आपले गवई नाही का, राग तोच ठेवून रोज नव्या ताना घेतात? 'फ्री जॅझ'वाले याच्याही पुढे गेले. ते म्हणाले, ठरलेली धून नको आणि बांधलेला ठेकाही नको. आता तिघं-चौघं असतील तर हे जमेल. पण इथे ट्रंपेट, सॅक्सोफोन, ट्यूबा, शिवाय दोन दोन ड्रमवाले!

मग वरातीतल्या त्या गोंधळात आणि यात फरक काय? फरक ऐकण्याचा आहे. वरातीत प्रत्येक बँडला दुसऱ्याच्या वरचढ वाजवायचं असतं. इथे मात्र श्लिपेनबाख यांनी ढोबळ आराखडा आखून दिलेला असे, आणि बाकी सगळी मदार कानांवर. एकाने सूर चढवला की दुसऱ्याने ठरवायचं, त्याला साथ द्यायची, त्याच्याशी भांडायचं की गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात कठीण, हे वर्गात बसणाऱ्यांना मी काय सांगणार!

१९६७च्या ऑक्टोबरमध्ये हा वाद्यवृंद डोनाउएशिंगेन या लहानशा गावातल्या संगीत महोत्सवात वाजला. कार्यक्रम चालू असतानाच ध्वनिमुद्रण झालं. म्हणजे चुकलं तर पुन्हा वाजवायची सोय नाही. अर्ध्या तासाहून मोठी ही रचना. पण ती लोकांच्या हाती सीडीवर आली थेट २००१ साली! तोवर त्या महोत्सवाला आलेली शाळकरी मुलं पन्नाशीकडे झुकली असतील.

आणि आता गंमत ऐका. त्याच महिन्यात, तिथून साधारण शिरूर-रांजणगाव इतक्या अंतरावरच्या फिलिंगेन गावात आणखी एक तबकडी मुद्रित झाली, 'जॅझ मीट्स इंडिया'. तिच्यात तबल्यावर होते केशव साठे. मुंबईत वाढलेले हे मराठी तबलजी तेव्हा लंडनला राहत. सतारीवर होते दिवाण मोतिहार. आणि त्यांच्यासोबत ट्रंपेट वाजवणारे मानफ्रेड शूफ व ड्रम वाजवणारे मानी नॉयमायर हे दोघंही ग्लोब युनिटीतलेच!

जरा विचार करा. साठ्यांच्या हाताला लहानपणापासून समेची सवय. कितीही लांब फिरून या, शेवटी समेवर यायचंच. आणि समोरचे दोघं सम ही गोष्टच न मानणारे. कोणी कोणाचं ऐकायचं?

मोबाइलवर ही दोन्ही ध्वनिमुद्रणं शोधून आईबाबांबरोबर ऐका. आधी 'जॅझ मीट्स इंडिया' लावा. पहिल्यांदा फक्त तबल्याकडे कान ठेवा, दुसऱ्यांदा फक्त ट्रंपेटकडे. मग ग्लोब युनिटीकडे वळा. तिथे एकच वाद्य निवडा आणि ते कधी थांबतं ते टिपून घ्या. नाही आवडलं तर नाही! आजीलाही विचारा.

'जॅझ मीट्स इंडिया'मधल्या एका रचनेचं नाव आहे 'ब्रिगाख आणि गंगा'. ब्रिगाख ही फिलिंगेनवरून वाहणारी छोटी नदी. ती डोनाउएशिंगेनला ब्रेग नावाच्या नदीला मिळते आणि दोघींची मिळून मोठी डॅन्यूब होते. शिरूरची घोड नदी पुढे जाऊन दौंडच्या भीमेला मिळते ना, तशीच.