बसलेली घडी मोडताना

परवा दुपारी शेजारच्या वहिनी आल्या, त्या तोंड पाडूनच. लेक पुण्याला गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. आठ वर्षांची नोकरी, पगार चांगला. आता म्हणते, नोकरी सोडून विनाचालक गाड्यांच्या संशोधनात जाणार. "अहो, ड्रायव्हरशिवाय कधी गाडी चालते का? बसलेली घडी कशाला मोडायची?"

मैत्रिणींनो, मी त्यांना चहा दिला आणि जॉन क्राफसिक यांची गोष्ट सांगितली. हे अमेरिकेतले मेकॅनिकल इंजिनिअर. सुरुवात कॅलिफोर्नियात, टोयोटा आणि जनरल मोटर्सच्या भागीदारीतल्या कारखान्यात. १९८८ साली त्यांनी एका लेखात 'लीन' हा शब्द कारखानदारीला दिला. म्हणजे साहित्य, वेळ, श्रम वाया न घालवता माल बनवायचा. महिनाअखेरीला आपण तरी दुसरं काय करतो? पुढे फोर्डमध्ये १४ वर्षं, मग ह्युंदाईच्या अमेरिकेतल्या कंपनीचं प्रमुखपद. आणि २०१५ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, ते गूगलच्या विनाचालक गाडीच्या प्रकल्पात गेले!

मग आधीचं सगळं फुकट गेलं का? मुळीच नाही. कॉम्प्युटरवाले तिथे भरपूर होते, पण गाडी रस्त्यावर कशी टिकते हे जाणणारा माणूसही हवाच होता. २०१६ अखेर या प्रकल्पाची 'वेमो' कंपनी झाली आणि ते तिचे प्रमुख झाले. गूगलने स्वतः बनवलेली छोटी गाडी २०१७ साली बाजूला ठेवली गेली. मोटार कंपनीच्या तयार गाड्यांवरच कॅमेरे, रडार आणि लेसर किरणांनी अंतर मोजणारं 'लायडार' बसवलं गेलं. ऑक्टोबर २०२० मध्ये फिनिक्स शहराच्या परिसरात अशा चालक नसलेल्या गाड्या सर्वांसाठी सुरू झाल्या. २०२१ साली क्राफसिक पायउतार झाले, गाड्या मात्र धावतच आहेत.

अर्थात सगळं गोडगोड नाही. मार्च २०१८ मध्ये अ‍ॅरिझोनातच दुसऱ्या एका कंपनीच्या चाचणीच्या गाडीने सायकल घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बाईचा जीव घेतला. म्हणून तर या कामाला जबाबदार माणसं हवीत. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. आमच्या बचत गटातल्या दोघींचं कुंकू असंच पुसलं गेलं. गाडीने वेळीच ब्रेक लावला असता तर, हा विचार मनातून जात नाही.

गटातल्याच एकीचा नवरा ट्रक चालवतो. ती म्हणते, "मग आमच्या मालकांनी काय करायचं?" तिचंही खरंच आहे. रोजगाराच्या याच काळजीने नितीन गडकरींनी २०२३ साली अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही असं सांगितलं. संशोधन करणाऱ्यांनी हा प्रश्नही विसरता कामा नये.

वहिनींना मी एवढंच म्हटलं, "पगार किती दिवस कमी येईल, हप्ते कसे भागतील, हे लेकीला जरूर विचारा. पण शिकलेलं वाया जाईल ही भीती नको."

वहिनी उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "तिला सांगते, त्या गाडीला आपल्या रस्त्यावरच्या गाईम्हशीसुद्धा ओळखायला शिकव हो!"