टाकीखालची टाकी
(द्वितीय वर्ष, कला)

‘संप’ म्हटले की आपल्याला एस. टी.चा संप आठवतो, गिरण्यांचा संप आठवतो. आणि परीक्षा जवळ आली की प्राध्यापकांचाही एखादा व्हावा, असे काहींना वाटते! पण या लेखातला संप वेगळा. शोभेचे मासे ठेवतात त्या काचेच्या टाकीखाली, स्टँडच्या कपाटात, दुसरी एक टाकी दडवलेली असते. तिलाही संपच म्हणतात. हा संप केवढा असावा, एवढाच आपला प्रश्न. मला मात्र त्याचे उत्तर फार महाग पडले.

प्रथम त्याचे काम पाहू. धरणाला सांडवा असतो तसा वरच्या टाकीलाही एका कोपऱ्यात असतो. त्यावरून सांडलेले पाणी पाइपाने खाली येते. संपात काचेच्या पट्ट्या लावून कप्पे केलेले असतात. पहिल्या कप्प्यात स्पंज गाळ अडवतो. मधल्या कप्प्यातील सच्छिद्र खड्यांवर वाढलेले जीवाणू पाण्यातील विषारी अमोनियाचे शेवटी बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. शेवटच्या कप्प्यातला पंप पाणी पुन्हा वर चढवतो. शिवाय एकूण पाणी वाढल्यामुळे ते लवकर बिघडत नाही. ही कल्पना जुनीच आहे. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये विल्यम अल्फर्ड लॉइड याने मत्स्यालय उभारले, तेव्हा लोकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा साठा त्याने खालच्या हौदात ठेवला होता.

घरी एवढी जागा कुठली? म्हणून दुकानांतून ठोकताळा सांगतात, की वरच्या टाकीच्या चौथाई ते तिसरा हिस्सा संप पुरे. मीही तोच धरून चाललो.

मी संध्याकाळी अशाच एका दुकानात काम करतो. कॉलेजची फी त्यातून भागते. गेल्या उन्हाळ्यात एका निवृत्त गुरुजींच्या घरी मी टाकी बसवली. रात्री वीज गेली. सकाळी जाऊन पाहतो तो खोलीभर पाणी, आणि स्टँडशेजारी जमिनीवर रचलेल्या गुरुजींच्या टिपणवह्या भिजून फुगलेल्या. गुरुजी रागावले नाहीत. “अरे, वाळतील,” एवढेच म्हणाले. शाई मात्र पार पसरली होती.

घरी येऊन अण्णांना सांगितले. अण्णा गवंडी. शाळा चौथीपर्यंत; पण पाण्याच्या टाक्या बांधण्यात त्यांची हयात गेली. ते म्हणाले, “खाली किती मावतं ते राहू दे. मोटर बंद पडल्यावर वरून किती येतं, ते मोजलंस का?”

मी मोजले नव्हते. गणित नको म्हणून कला शाखेला आलेला मी, त्या रात्री वही घेऊन बसलो. हिशेब पाचवीतलाच होता.

गुरुजींची टाकी १२० सें.मी. लांब, ४५ रुंद, ४५ उंच. म्हणजे २४३ लिटरची. तिच्यातले पाणी एक सें.मी. उतरले की ५.४ लिटर खाली येते. परतीच्या पाइपाचे तोंड मी पाण्यात १० सें.मी. खोल ठेवले होते. पंप थांबला की त्याच पाइपातून सायफनने पाणी उलटे वाहू लागते, आणि तोंड उघडे पडेपर्यंत थांबत नाही. म्हणजे ५४ लिटर. शिवाय पाइप व सांडव्याच्या कप्प्यातले चारेक लिटर. एकूण ५८. संप होता ६० × ३० × ३५ सें.मी.चा, म्हणजे ६३ लिटरचा. ठोकताळ्याप्रमाणे चौथाईहून थोडा अधिकच! पण तो २५ सें.मी. भरलेला असल्याने रिकामी जागा उरली होती १८ लिटरची. बाकीचे ४० लिटर जमिनीवर.

मग संप बदलला. नवा ९० × ३० × ३५ चा, चालू पातळी २० सें.मी. पाइपाचे तोंड ५ सें.मी.वर आणले. आता खाली येते ३१ लिटर आणि रिकामी जागा आहे ४० लिटरची.

दुसरी बाजूही पाहावी लागते. वाफ होऊन घटलेले पाणी फक्त पंपाच्या कप्प्यात कमी झालेले दिसते. तो कप्पा २५ × ३० चा आहे. रोज समजा ३ लिटर वाफ झाली, तर पातळी ४ सें.मी. उतरते. पंप बुडायला ८ सें.मी. पाणी हवे, तेव्हा २० वरून तिथे यायला तीनच दिवस! कप्पा याहून लहान असेल, तर एक दिवस गावाला गेलात तरी पंप कोरडा पडून जळायचा. आणि मोठा करताना कपाटाचे दार मोजावे. स्पंज काढायला वर हात शिरेल एवढी जागाही ठेवावी.

परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीलगत बारीक भोक पाडले, तर हवा शिरून सायफन तुटतो. पण शेवाळाने ते बुजते. उलटे पाणी अडवणारी झडपही गाळाने अडकते. म्हणून दोन्ही नाहीत असे धरूनच संपाचे माप ठरवावे. मासे सोडण्याआधी स्वतःच बटण बंद करून, पाणी कुठवर चढते ते पाहावे. काठाच्या तीन बोटे खाली थांबले, तर पुन्हा पंप सुरू करून जी पातळी स्थिर होईल तिथे रंगाची रेघ मारावी. रोजचे पाणी त्या रेघेच्या वर कधी भरू नये.

गुरुजींच्या संपावर आता लाल रेघ आहे. दर रविवारी मी त्यांच्याकडे जातो. रेघ पाहतो, आणि वह्यांतले जे वाचता येते ते नव्या वहीत उतरवून देतो. तिसरी वही चालू आहे.