पगार कोण देतं?

फरीदाबादच्या औद्योगिक सेक्टरांमधल्या एखाद्या छोट्या कारखान्यात गेलात, तर बाहेर प्रेस धडधडत असते आणि आत केबिनमध्ये संगणकावर चलनं निघत असतात. किती ब्रॅकेट गेले, कुठल्या टेम्पोतून गेले, जीएसटी किती लागला, हे सगळं एका डेटाबेसमध्ये साठत असतं. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर अशाच कारखानदारांसाठी आहे. ते चालतं मारियाडीबी या डेटाबेसवर, आणि मारियाडीबी जन्मला तो एका विक्रीच्या धास्तीतून.

स्वीडनमध्ये १९९५ साली सुरू झालेला मायएसक्यूएल २००८ मध्ये सन कंपनीने सुमारे १०० कोटी डॉलरना घेतला. पुढच्याच वर्षी ओरॅकलने सनलाच विकत घ्यायचं ठरवलं. महागडे डेटाबेस विकणाऱ्या कंपनीच्या हाती फुकट मिळणारा प्रतिस्पर्धी जाणार होता. मायएसक्यूएलच्या जनकांपैकी एक, मायकेल विडेनियस यांनी याविरुद्ध जगभर सह्यांची मोहीम काढली. ओरॅकलने दहा आश्वासनं दिली आणि युरोपीय आयोगाने जानेवारी २०१० मध्ये मंजुरी दिली. तोवर विडेनियस यांनी कोडची वेगळी शाखा काढून तिला धाकट्या मुलीचं, मारियाचं, नाव दिलं होतं. परवाना खुला असल्यामुळे कोड वाचला. पण नाव, ग्राहक आणि कोडवरचा मालकी हक्क एकाच कंपनीकडे होता, आणि तो सौद्याबरोबर गेला.

पोस्टग्रेसचं तसं नाही. १९८६ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात सुरू झालेला हा डेटाबेस १९९६ पासून जगभरचे स्वयंसेवक आणि अनेक कंपन्यांचे अभियंते मिळून सांभाळतात. त्याला मालक नाही, म्हणून तो विकत घेता येत नाही. माणसं मात्र नोकरीला ठेवता येतात, आणि खरा धोका तिथेच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ईडीबी कंपनीने सेकंडक्वाड्रंट ही दुसरी पोस्टग्रेस कंपनी घेतली आणि प्रकल्पाच्या पाच जणांच्या मुख्य मंडळात तिघं एकाच कंपनीचे झाले. निम्म्याहून जास्त सदस्य एका कंपनीचे नसावेत, असा तिथे जुना अलिखित नियम. मंडळाने तो जाहीरपणे मान्य केला आणि नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टचे आंद्रेस फ्रॉइंड व क्रंची डेटा या आणखी एका पोस्टग्रेस कंपनीचे जोनाथन कॅट्झ यांना सामावून घेतलं. सातांत तीन. कुणालाही बाहेर काढावं लागलं नाही.

ही ईडीबी आपल्याला परकी नाही. तिचं मोठं कार्यालय पुण्यात आहे. पोस्टग्रेसच्या ११व्या आवृत्तीत (२०१८) विभागलेल्या तक्त्यांवरचं बरंच काम आशुतोष बापट, जीवन चाळके, अमूल सूळ यांच्या नावावर आहे. त्याआधी पवन देवलसी यांनी २००८ च्या ८.३ आवृत्तीत केलेलं काम मला फार मोठं वाटतं. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी खोडली जात नाही, नवी प्रत लिहिली जाते. पूर्वी कारखान्यातल्या साठ्याचा एक आकडा बदलला, तरी त्या तक्त्याच्या प्रत्येक इंडेक्समध्ये, म्हणजे ओळी शोधायच्या सूचीत, नवी नोंद पडायची. देवलसींच्या पद्धतीत इंडेक्समधला एकही रकाना बदललेला नसेल आणि डिस्कवरच्या त्याच पानावर जागा असेल, तर नवी प्रत जुनीला तिथेच जोडली जाते. इंडेक्सला हात लागत नाही, आणि निकामी झालेल्या प्रतींची जागा त्या पानावर लगेच परत वापरता येते. हे काम ईडीबीच्या नोकरीत झालं, पण बाहेरच्या अनेकांनी तपासल्यावरच ते कोडमध्ये आलं. आज ते ईडीबीच्या प्रतिस्पर्ध्यांच्याही उपयोगी पडतं.

निम्म्याचा नियम टिकतो तो पगार देणारे पुष्कळ असतील तरच, आणि पगार देणाऱ्या कंपन्याही विकल्या जातात. २०२५ मध्ये क्रंची डेटाच स्नोफ्लेकने घेतली. म्हणून माझं ठाम मत आहे, की पोस्टग्रेसवर आपला कारभार चालवणाऱ्या इथल्या बँका, शेअर दलाल आणि सरकारी खात्यांनी त्याच्या मूळ कोडवर काम करणारे दोन-चार अभियंते तरी पगारावर ठेवावेत, आणि त्यांना दुसऱ्यांचे पॅच तपासायलाही वेळ द्यावा. कोड लिहिणारे मिळतात, तपासणारे कमी पडतात. झीरोधा या शेअर दलाल कंपनीने २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. असे निधी आणखी कंपन्यांनी काढायला हवेत, आणि त्यांच्या जोडीला कायम नोकऱ्याही हव्यात.