अतृप्तांची पन्नास वर्षं

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत आला. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि फाशांनी कौल द्यायचा, असा हा खेळ. मरूनही न संपलेले राक्षस त्यात पहिल्यापासून होते: सांगाडे, चालती प्रेतं, व्हँपायर. मात्र त्यांची रचना शिडीसारखी होती. वरच्या पायरीवरचा अधिक बलवान, एवढंच. काहींचा वार बसला की खेळाडूने कमावलेली पातळीच उतरायची. भीती होती, पण ती आकड्यांची.

मोठं वळण १९८३ मध्ये आलं. ट्रेसी हिकमन यांना पूर्वी एका खेळात तळघरातला व्हँपायर भेटला होता आणि प्रश्न पडला होता, हा इथे करतोय काय? त्या प्रश्नातून त्यांनी आणि लॉरा हिकमन यांनी ‘रेव्हनलॉफ्ट’ या खेळातल्या साहसाचा व्हँपायर स्ट्राड घडवला. भावाच्या नवरीसाठी त्याने भावाचाच खून केलेला. पुढची त्याची प्रत्येक चाल त्याच वासनेतून येते. खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीतला ‘रेव्हनंट’ याच वाटेवरचा. सूड उगवायला त्याला एका वर्षाची मुदत. देह पाडला, तरी चोवीस तासांनी त्याचा आत्मा दुसऱ्या प्रेतात शिरतो. इथे नियमच गोष्ट सांगतो.

मराठी मुलखाला ही रीत परकी नव्हती. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून लोकसमजुती गोळा केल्या होत्या. १९०९ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर एन्थोवेन यांनी ती टिपणं संपादित केली. १९१५ च्या कोकण खंडात भुतांची मोठी यादी आहे. मुंज होऊन लगेच गेलेला मुलगा मुंजा होतो. धनलोभी माणूस निपुत्रिक मेला तर समंध; कुणीही बुडून मेला तर गिऱ्हा. कसा मेला, जीव कशात अडकला, वस्ती कुठे, उतारा कोणता, हे लोकांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मात्र काही भुतांची ओळख मेलेल्याच्या जातीवरूनही ठरते. मरणानंतरही उतरंड सुटत नाही.

माणदेशातल्या आटपाडीत बसून ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. लेखक शंकरराव खरात इथलेच, जन्म १९२१ चा. ‘तराळ-अंतराळ’ या आत्मकथनात, विहिरीतलं प्रेत काढायला तराळकी, म्हणजे जातीने लादलेली गावकामं, करणाऱ्या त्यांच्या वडिलांना उतरावं लागतं, तो प्रसंग आहे. तो वाचताना प्रेताची भीती वाटत नाही; काठावरून हुकूम सोडणाऱ्यांची वाटते.

माणदेशातला राक्षस घडवायचा तर मी इथून सुरुवात करीन. विहिरीत एक अतृप्त आहे. तलवारीने तो मरत नाही. स्वतः काठावर राहून कुणी दुसऱ्याला खाली धाडलं की त्याचं बळ वाढतं. हुकूम देणारा स्वतः उतरला की घटतं. त्याचं नाव शोधून, सन्मानाने माती दिली, की तो सुटतो. मग खेळाडूंना लढाईबरोबर चौकशीही करावी लागेल, आणि आपल्यातलं कोण नेहमी काठावर थांबतं, हेही टेबलावर उघड होईल.

पन्नास वर्षांत खेळाने हळूहळू हेच शिकवलं: राक्षसाची ताकद शेवटी लिहावी. जिवंत माणसं त्याचं काय देणं लागतात, ते आधी ठरवावं.