पडदा काळा झाला म्हणजे संगणक मेला नव्हे!

शेतकरी बंधूंनो आणि ग्रामसेवक मित्रांनो, विहिरीवरची मोटार घरघरते पण पाणी चढत नाही, तेव्हा आपण मोटार भंगारात देतो का? नाही. आधी फूटव्हॉल्व्ह बघतो, मग पाइपने हवा धरली का ते बघतो. संगणकाला मात्र हा न्याय लावत नाही. पंखा फिरतो, पडदा काळाच राहतो, आणि आपण "गेला हो डबा!" म्हणून मोकळे होतो.

गेल्या पावसाळ्यात भाईंदर पश्चिमेला, उत्तनच्या वाटेवरच्या एका सेवा केंद्रात असेच झाले. सातबाऱ्यासाठी माणसे सकाळपासून बसलेली. एक आजोबा म्हणाले, "साहेब, ही माझी तिसरी खेप." केंद्रचालक नव्या संगणकाचे भाव विचारत होता. म्हटलं, थांबा, आधी बघू तरी.

संगणकातले काम चित्ररूपाने पडद्याकडे पाठवणारा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. तो अडला की यंत्र चालते, दिसत मात्र काही नाही. तपासणी बाहेरून आत करावी.

१) कीबोर्डवरचे नम लॉक बटण दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र बहुधा जिवंत आहे, फक्त दृष्टी गेली आहे.

२) पडद्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरे आली तर पडद्याला वीज आहे, पण चित्र पोचत नाही. वायर दोन्ही टोकांना घट्ट बसवा. जुन्या व्हीजीए वायरीला १५ पिना असतात, त्यातली एखादी वाकली का ते बघा.

३) डब्याच्या मागे चित्राची सॉकेटे दोन ठिकाणी असू शकतात. वरची मदरबोर्डची, खाली आडवी असतात ती कार्डाची. कार्ड बसवलेले असेल तर वायर कार्डालाच लावा. पुष्कळदा चूक इथेच असते.

४) सुरू होताना बीप ऐका. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब व दोन आखूड बीप म्हणजे चित्राच्या भागात दोष. इतर कंपन्यांच्या खुणा वेगळ्या असतात, त्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत मिळतात.

५) आता डबा उघडा, पण आधी प्लग काढा आणि सुरू करायचे बटण दहा सेकंद दाबून धरा. डब्याच्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. खाचेची कडी सोडवून कार्ड अलगद काढा. त्याच्या पट्ट्या पेन्सिलच्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसा. घासू नका, त्यावर सोन्याचा पातळ मुलामा असतो. कार्ड कडी लागेपर्यंत परत बसवा. मोठ्या कार्डाला ६ किंवा ८ पिनांची वेगळी वीज लागते, ती वायरही बघा. रॅमच्या पट्टीलाही हाच उपाय करा.

६) तरीही चित्र नाही? कार्ड काढून वायर मदरबोर्डच्या सॉकेटला लावा. चित्र आले तर दोष कार्डात किंवा त्याच्या खाचेत. न आल्यास मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, कारण काही प्रोसेसरांत चित्राची सोय नसतेच. तेव्हा मेकॅनिक बोलवा. वीजपुरवठ्याची पेटी स्वतः कधीही उघडू नये!

आमच्याकडे पाचव्या पायरीलाच पडदा उजळला. कार्डाच्या पट्ट्यांवर चिकट मळ साचला होता. एका बाजूला खाडी, मिठागरे, पुढे समुद्र; ही खारी, दमट हवा घराचे पत्रे खाते, ती खाचेतल्या धातूला सोडील काय? म्हणून संगणक खिडकीपासून दूर ठेवावा आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर धूळ काढून घ्यावी.

एक गोष्ट मनात पक्की करा. कार्ड गेले म्हणून दप्तर जात नाही. नोंदी हार्ड डिस्कवर असतात, ती वेगळी. सातबारा तर सरकारी सर्व्हरवर असतो. २०१८ साली डिजिटल सहीचा उतारा सुरू झाला, तो दुसऱ्या केंद्रातूनही काढता येतो. तेव्हा यंत्र बंद असल्यास लोकांना तसे स्पष्ट सांगावे, "उद्या या" म्हणून ताटकळत ठेवू नये. आणि कार्यालयाच्या स्वतःच्या नोंदींची प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर काढावी. बियाणे कोणी एकाच कणगीत ठेवतो का?

आजोबा दुपारी उतारा घेऊन घरी गेले. खर्च झाला तो एका खोडरबराचा.