वाळूखालचा विस्तव

रात्रीचे शेवटचे भांडे चुलीवरून उतरले म्हणजे आमची आजी पुन्हा एकदा चुलीपुढे बसे, अर्धवट जळलेली लाकडे बाहेर ओढी, उरलेले निखारे एकत्र लोटी आणि त्यांवर राखेचा जाडसर थर हलक्या हाताने पसरी. पहाटे तीच राख बाजूला सारून फुंकणीने दोन फुंकरा घातल्या, की आतला विस्तव लालबुंद होऊन उठे आणि काडेपेटीतली एक काडीही खर्ची न पडता चहाचे आधण चढे. विस्तव झाकणे आणि विस्तव विझवणे या दोन क्रियांतला भेद त्या पिढीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होता. निर्जन समुद्रतीरी तंबू ठोकून राहणाऱ्या आजच्या प्रवाशाला मात्र तो बहुधा ठाऊक नसतो. सकाळी निघताना तो शेकोटीवर पायाने वाळू लोटतो, ज्वाळा दिसेनाशी झाली की निश्चिंत होतो आणि जे विझवले असे समजतो, ते वस्तुतः आजीइतक्याच कौशल्याने जतन करून ठेवतो.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याच्या किनाऱ्यालगत गरी नावाचे सुमारे 120 किलोमीटर लांबीचे बेट आहे. जुन्या नकाशांत ते ‘फ्रेझर आयलंड’ म्हणून दाखविलेले असे. तेथील मूळच्या बुचुला लोकांनी दिलेले नाव 2023 साली सरकारदप्तरी पुन्हा रुजू झाले. निव्वळ वाळूने घडलेले हे जगातले सर्वांत मोठे बेट असून 1992 पासून जागतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद आहे. 14 ऑक्टोबर 2020 रोजी या बेटाच्या उत्तर भागात नीट न विझवता सोडलेल्या एका बेकायदा शेकोटीतून वणवा पेटला. विमानांतून पाण्याचा मारा झाला, वस्तीतल्या लोकांना घरे सोडण्याची सूचना द्यावी लागली, आणि अखेर डिसेंबरच्या मध्यास पावसाने हात दिला, तोवर 85,000 हेक्टरांहून अधिक, म्हणजे निम्म्याहून जास्त बेट, त्या आगीखालून गेले होते.

वाळू लोटली असता आग का मरत नाही, हे समजण्यासाठी ज्वाळा आणि धुमसणे ही ज्वलनाची दोन निराळी रूपे आहेत, हे ध्यानी घ्यावे लागते. लाकूड तापून त्यातून जे वायू सुटतात, ते हवेत जळू लागले म्हणजे ज्वाळा दिसते. तिला प्राणवायूचा भरपूर पुरवठा लागतो, म्हणून वाळू पडताच ती नाहीशी होते. निखारा मात्र आपल्या पृष्ठभागावरच, घन अवस्थेतच, सावकाश जळत असतो आणि त्याला अत्यल्प प्राणवायू पुरतो. कोरड्या वाळूच्या कणांमध्ये तिच्या आकारमानाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पोकळी असते, तिच्यातून तेवढी हवा झिरपत राहते. शिवाय कोरडी वाळू उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे आतली धग बाहेर निसटत नाही. म्हणजे एका बाजूने निखाऱ्याला श्वास मिळतो आणि दुसऱ्या बाजूने पांघरूण. अशी झाकलेली शेकोटी आठ तासांनंतरही आत शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली राहू शकते. वर नुसती सपाट, निरुपद्रवी वाळू! त्या वाळूवरून दुसऱ्या दिवशी अनवाणी धावणाऱ्या लहान मुलांचे तळपाय भाजल्याच्या घटना क्वीन्सलँडमधील डॉक्टरांच्या चांगल्याच परिचयाच्या आहेत.

पाण्याचे कार्य याच्या नेमके उलट आहे. वीस अंशांच्या एक ग्रॅम पाण्याला उकळीपर्यंत नेण्यास 80 कॅलरी पुरतात, परंतु त्याच उकळत्या पाण्याची वाफ होण्यास आणखी सुमारे 540 कॅलरी लागतात, आणि त्या सर्वच्या सर्व ते निखाऱ्यातून वसूल करते. निखाऱ्यावर पाणी पडताच जो ‘चर्र’ असा आवाज उठतो, तो या वसुलीचाच होय. मात्र एकदाच ओतून भागत नाही. ओली राख काठीने तळापर्यंत ढवळावी, जाड ओंडके उलटून घ्यावेत आणि पुन्हा ओतावे, कारण अर्धवट भिजलेला ओंडका आतून सुकत जाऊन पुनश्च पेट घेऊ शकतो. खुल्या वाळूवर समुद्राचे खारे पाणीही याला उत्तम चालते.

गरीवर हे विशेष महत्त्वाचे का, याचे कारण तेथील अरण्यात आहे. निव्वळ वाळूवर पर्जन्यवन उभे राहावे, हा सृष्टीचा चमत्कारच म्हटला पाहिजे. त्या वाळूत मुळात पोषक द्रव्य जवळजवळ नाहीच. पावसाबरोबर आणि समुद्राच्या तुषारांबरोबर जे काही क्षार येतात, ते आणि कुजणारा पालापाचोळा वरच्या पातळ थरात मुळांशी सख्य केलेल्या बुरशीच्या तंतूंमार्फत पुन्हा झाडांना पोचतात, आणि हा व्यवहार शतकानुशतके चालल्यावर सॅटिनेसारखे प्रचंड वृक्ष उभे राहतात. त्यांच्या लाकडाला समुद्रातले कृमी लवकर पोखरत नाहीत, म्हणून ते थेट सुएझ कालव्याच्या कामासाठी नेले जात असे. अशा अरण्यातले पडलेले लाकूड जाळणे म्हणजे त्याचे पुढल्या पिढीचे धान्य जाळणे होय. म्हणूनच तेथे सरपण गोळा करण्यास सक्त मनाई आहे. शेकोटी केवळ डंडुबारा आणि वॉडी पॉइंट या दोन तळांवर, सरकारने बांधून दिलेल्या कड्यांतच पेटवावी आणि लाकूड मुख्य भूमीवरून कापीव आणावे, असा दंडक आहे. हा दंडक मला मुळीच जाचक वाटत नाही. दूरच्या बेटावर अग्निशामक दल वेळेत पोचत नाही, आणि वणव्यापुढून पळालेल्या प्राण्याला सभोवार समुद्रच भेटतो.

बुचुला लोकांनीही याच बेटावर हजारो वर्षे अग्नी वापरला. परंतु तो योग्य ऋतूत, लहान लहान तुकड्यांत, जमिनीलगत मंद जाळीत नेलेला अग्नी होता, आणि त्यानेच मोठ्या वणव्याचे इंधन वेळोवेळी कमी होत असे. भूमीच्या हिताचे ते आधी, हा त्यांच्या परंपरागत कायद्यातील पहिला नियम आहे.

ब्रिस्बेनकडे स्थायिक झालेली आपली मराठी कुटुंबे सुट्टीत या बेटावर जात असतील, आणि कोकणच्या किनाऱ्यावर तंबू ठोकण्याची आवडही अलीकडे वाढली आहे. त्या सर्वांना एवढीच विनंती, की शेकोटी पेटविण्यापूर्वी पाण्याने भरलेली बादली शेजारी ठेवावी आणि निघताना राखेवर उलटा तळहात धरून पाहावा. जरा जरी ऊब लागली, तरी आणखी एक बादली आणावी.