खोलीचे दार आणि पेटीचे कुलूप

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला आपली पत्र्याची पेटी आठवत असेल. खोलीचे दार सर्वांना खुले असे. पेटीचे कुलूप मात्र ज्याचे त्यालाच उघडता येई. संगणकातील माहितीच्या रक्षणाचे तत्त्वही याहून फारसे वेगळे नाही.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. आज बोरीसारख्या गावातील विद्यार्थी महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, तेव्हा त्याची जात, कुटुंबाचे उत्पन्न, गुण, आधार आणि बँकखाते ही माहिती एका विशाल भांडारात जमा होते. ज्या जातीच्या नोंदीमुळे हक्क मिळतो, तीच नोंद नको त्या नजरेस पडली तर अवहेलनेचे कारण ठरू शकते. म्हणून भांडाराला एकच मोठे कुलूप लावणे पुरेसे नाही.

अशा भांडाराची कल्पना एका प्रचंड तक्त्यासारखी करावी. एक ओळ म्हणजे एक विद्यार्थी. एक स्तंभ म्हणजे एक प्रकारची माहिती. महाविद्यालयाच्या लिपिकाला केवळ आपल्या विद्यार्थ्यांच्याच ओळी दिसाव्यात. रक्कम जमा करणाऱ्या बँकेला खात्याचा स्तंभ हवा, गुणपत्रिका नव्हे. आकडेवारी तयार करणाऱ्यास संख्या पुरे, नावे नकोत. याहून सूक्ष्म व्यवस्थेत तक्त्यातील प्रत्येक चौकटीला स्वतंत्र कुलूप असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने विकसित केलेली आणि २०११ मध्ये अपाची प्रतिष्ठानाकडे सोपवलेली ‘ॲक्युम्युलो’ ही प्रणाली याच तत्त्वावर उभी आहे. तिच्यात प्रत्येक नोंदीसोबतच ती कोणी पाहावी याची खूण साठवलेली असते. तो अधिकार नसलेल्याला ती नोंद दिसतच नाही.

काही वेळा माहिती अर्धीच दाखवली जाते. ‘मास्क्ड आधार’मध्ये बारापैकी पहिले आठ अंक झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. याच्या जोडीला, कोणी, केव्हा, काय पाहिले याची नोंदवहीही हवी. मात्र कार्यालयातील चौघांनी एकच पासवर्ड वापरला, तर सर्वांत सूक्ष्म कुलूपही निरर्थक ठरते. कारण मग नोंदवहीत खरा माणूस सापडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे.

पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी एवढे अवश्य करावे : जेथे चालेल तेथे मास्क्ड आधारच द्यावे, मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये, आधारच्या संकेतस्थळावर आपल्या पडताळणीचा इतिहास अधूनमधून पाहावा आणि अर्ज भरून देणाऱ्याकडे आपला पासवर्ड ठेवू नये. पेटी आपली आहे. तिची किल्लीही आपल्याच हाती असावी.